सट्टेबाजाराची स्थितप्रज्ञता

शेअरबाजारात रोजची खरेदी-विक्री करून त्यावर चरितार्थ चालवू पाहणाऱ्या मंडळींच्या टेबलावर अलीकडे आलेखांच्या पुस्तकांशेजारी गीतेची एखादी प्रत हटकून आढळते, आणि या विद्येचे वर्ग चालवणारे गुरुजीही किंमतींचा कल, भांडवलाची वाटणी आणि सौद्याची वेळ यांचे तंत्र सांगून झाले की बहुधा दुसऱ्या अध्यायाकडे वळतात. फळाकडे डोळा लावून बसू नये, लाभाने फुगू नये आणि हानीने खचू नये, कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते तशी इंद्रिये आवरून धरावीत, हा बोध कुरुक्षेत्रावरून दलाल स्ट्रीटवर इतक्या सहजपणे येऊन पोहोचला आहे की येताना त्यातले काही वाटेत सांडले काय, अशी शंका घेण्याचेही कोणास सुचत नाही. गीतेचा वायदेबाजाराशी संबंध जोडणेच मुळी गैर आहे असे म्हणून हा विषय थट्टेवारी नेणे सोपे आहे. परंतु जो मनुष्य रोज सहा-सहा तास लाभहानीच्या समोर बसून आपले चित्त स्थिर ठेवण्याचा अभ्यास करतो, त्याचा तो अभ्यास धर्माच्या दृष्टीने कोणत्या योग्यतेचा, हा प्रश्न थट्टेने सुटणारा नाही.

त्या अभ्यासाचे स्वरूप जवळून पाहिल्यावाचून मात्र त्याविषयी मत देऊ नये. समजा, एका गृहस्थाने ५०० रुपये भावाने एका कंपनीचे २०० शेअर घेतले. घेण्यापूर्वी, डोके शांत असताना, त्याने वहीत टिपून ठेवले आहे की भाव ४८५ वर आला तर आपला अंदाज चुकला असे समजून माल काढून टाकायचा. यालाच बाजारात स्टॉपलॉस लावणे म्हणतात. म्हणजे पणाला लागले ते फार तर तीन हजार रुपये, आणि तेवढे गेले तरी संसार बुडत नाही, हा हिशेब त्याने स्वतःच केलेला असतो. भाव ४९२ होतो, ४८८ होतो, आणि ४८६ चा आकडा लाल रंगात लुकलुकू लागला की या गृहस्थाचा हात आपोआप माउसकडे जातो. दोन रुपयांसाठी कशाला हकनाक नुकसान घ्यायचे, असे म्हणून तो ४८५ चा स्टॉपलॉस ४८० वर नेतो. ४८१ ला तो काढूनच टाकतो. ४७० ला आणखी २०० शेअर घेऊन ‘ॲव्हरेज’ करतो, म्हणजे पडत्या भावात माल वाढवून खरेदीची सरासरी ४८५ वर आणतो आणि त्यात एक प्रकारचा शहाणपणा केल्याचे समाधानही मानतो. सकाळी जो दिवसाभरात मिटवायचा सौदा होता, तो दुपारी साडेतीनला बाजार बंद होताना दीर्घ मुदतीची गुंतवणूक होऊन बसलेला असतो. या सबंध प्रकरणात त्याला न कळणारे असे काहीच नव्हते. नियम त्याचाच, अक्षर त्याचेच, वहीही समोर उघडीच होती.

मानसशास्त्राने या दुर्बलतेचे मोजमाप केले आहे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली जो सिद्धान्त मांडला, त्याचा मथितार्थ असा की हानीचा सल तेवढ्याच लाभाच्या सुखाहून मनाला पुष्कळ अधिक, पुढे त्यांनीच काढलेल्या अदमासाप्रमाणे दुपटीच्या आसपास, जाणवतो. म्हणून हानी पदरात पडू नये यासाठी मनुष्य अधिक मोठ्या हानीचा धोका पत्करायला तयार होतो. १९८५ मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी याच धाग्याने दाखवून दिले की गुंतवणूकदार चढलेले शेअर लवकर विकून मोकळा होतो आणि पडलेले उराशी धरून बसतो. तथापि या शोधाला विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली असे समजण्याचे कारण नाही. जोसेफ दे ला व्हेगा या ज्यू लेखकाने १६८८ साली ॲमस्टरडॅममध्ये स्पॅनिश भाषेत शेअरबाजारावर एक संवादात्मक ग्रंथ लिहिला, ज्यात एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक भागधारक असे तिघे बोलत बसले आहेत. त्यातल्या बाजाराविषयीच्या नियमांत पहिला नियम असा आहे की शेअर घेण्याचा वा विकण्याचा सल्ला कधी कोणास देऊ नये. आणि दुसरा असा की हाती आलेला नफा, हुकलेल्या नफ्याची हळहळ न करता, स्वीकारावा. या व्यवहाराची चिकित्सा करताना सोबतीला तत्त्वज्ञ हवा, हे त्याला तीनशे वर्षांपूर्वीच उमगले होते, याचे मला फार कौतुक वाटते.

नियम ठाऊक असणे आणि पाळणे यांत जे अंतर आहे, त्याचा एक प्रयोगच १९८३ च्या सुमारास शिकागोत झाला. रिचर्ड डेनिस या नाणावलेल्या सटोडियाचे मत असे की ही विद्या शिकवता येते, आणि त्याचा सहकारी विल्यम एकहार्ट याचे असे की ती अंगभूतच असावी लागते. पैज लागली; वृत्तपत्रांत जाहिरात देऊन नाना व्यवसायांतील माणसे निवडली गेली; त्यांना सुमारे दोन आठवड्यांत ठरीव नियम पढवून डेनिसने आपल्या पदरचे भांडवल हाती दिले. या शिष्यांना त्याने ‘कासवे’ असे नाव दिले होते. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांतील कासवाचा त्याला पत्ताही नसावा, पण योगायोग मोठा मासलेवाईक आहे. कासवांपैकी पुष्कळांनी चांगला पैसा मिळवला आणि डेनिसने पैज जिंकली असेच सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु तेच नियम आणि तोच गुरू असूनही काहींना ते नियम पाळता आले नाहीत, आणि खुद्द गुरूच्या हातच्या निधींनाही १९८८ मध्ये असा जबर फटका बसला की त्याने काही काळ या व्यवसायातून अंग काढून घेतले. जेसी लिव्हरमोरची कथा याहून करुण. १९२९ च्या पडझडीत मंदी करून अफाट संपत्ती मिळवणारा आणि पुढे काही वर्षांतच दिवाळखोर झालेला हा मनुष्य १९४० साली शेअरच्या व्यवहाराचे नियम सांगणारे पुस्तक प्रसिद्ध करतो आणि त्याच वर्षी स्वतःच्या हाताने आपला अंत करून घेतो. कळते पण वळत नाही, ही आपल्या घराघरांतली तक्रार इतक्या मोठ्या रकमांच्या भाषेत क्वचितच कोणी मांडली असेल.

तेव्हा ज्याला हे वळले, जो ४८५ ला निमूटपणे माल काढून तीन हजारांची हानी रोजकीर्दीत मांडतो आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच स्वस्थ चित्ताने पुढच्या सौद्याकडे पाहतो, त्याने काही मिळवले आहे हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आपण चुकलो हे रोज, आकड्यांत आणि स्वतःच्या पैशाने मान्य करणे ही अहंकाराची लहानसहान शस्त्रक्रिया नव्हे. अध्यापक, संपादक, कीर्तनकार, पुढारी, आम्ही सारे आयुष्यभर चुकीच्या मताला कवटाळून बसलो तरी आमचे मुद्दल शाबूत राहते, इतकेच काय, त्या हट्टालाच निष्ठा असे नाव मिळून सत्कारही होतात. बाजार मात्र कोणाच्याही विद्वत्तेची, वयाची वा कुळाची भीडमुर्वत ठेवत नाही आणि बाकी थकवूनही देत नाही. यशस्वी सटोडियाच्या ठायी जो संयम, जी अनाग्रही वृत्ती आणि जे अल्पभाषित्व आढळते, ते कित्येक मठांतूनही दुर्मीळ असते. ज्यांनी त्याला नुसता जुगारी ठरवले त्यांनी त्याचे दुपारचे जमाखर्च पाहिलेले नाहीत.

परंतु गीतेने सांगितलेले समत्व ते हेच काय? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्या साम्यबुद्धीवर आपल्या सर्व विवेचनाचा भार ठेवला, ती दुपदरी आहे. लाभ आणि अलाभ, जय आणि पराजय यांविषयी सम राहणे हा तिचा एक पदर. तो दुसऱ्या अध्यायात येतो आणि बाजाराने तेवढाच उचलला आहे. दुसरा पदर पाचव्या आणि सहाव्या अध्यायांत उलगडतो: सर्व भूतांच्या ठायी सम दृष्टी, आणि दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यावरून जोखण्याची ती वृत्ती, जिला टिळक आत्मौपम्य म्हणून वारंवार पुढे आणतात. कर्माची योग्यता ठरवताना बाह्य फळापेक्षा कर्त्याची बुद्धी पाहावी, असे ते म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे दोन्ही पदर एकत्र असतात. एकच घेतला तर हातात उरते ते केवळ न डगमगण्याचे सामर्थ्य, आणि न डगमगणारी माणसे इतिहासात सर्व प्रकारची होऊन गेली आहेत. सटोडिया स्वतःच्या नफ्याकडे आणि स्वतःच्या नुकसानीकडे सारख्याच नजरेने पाहायला शिकला. स्वतःकडे आणि सौद्याच्या पलीकडच्या माणसाकडे सारख्या नजरेने पाहण्याचा पाठ त्याच्या अभ्यासक्रमात मुळी आलाच नाही. शिवाय पहिले समत्वही त्याने फळासाठीच साधलेले असते, ही अडचण आहेच. पण तिच्यावर मी फार भर देणार नाही, कारण मोक्षासाठी वैराग्य साधणाऱ्यालाही तोच आक्षेप लावता येतो आणि मग वाद संपत नाही.

महाभारतकारांना या विषयाचे ज्ञान आपल्याहून पुष्कळ अधिक होते. ज्याला आपण धैर्याचा आणि सत्याचा पुतळा मानतो तो युधिष्ठिर द्यूतसभेत एकेक पण हरत जातो आणि प्रत्येक हारीनंतर अधिक मोठा पण लावतो; आमच्या वर उल्लेखिलेल्या गृहस्थाचे ‘ॲव्हरेज’ करणे तेथे साम्राज्याच्या प्रमाणावर चाललेले दिसते. पुढे वनवासात बृहदश्व ऋषी त्याचे सांत्वन करतात ते फाशांत राज्य हरलेल्या नलाची कथा सांगून, आणि त्या कथेचा मध्यबिंदू एका बेहड्याच्या झाडाखाली आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघाला आहे. बाहुक या नावाने राहिलेला विद्रूप नल त्याचा रथ हाकतो आहे. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याकडे पाहून त्याच्या फांद्यांवरची पाने आणि फळे किती ते धावत्या रथातून सांगतो. बाहुक रथ थांबवतो. राजाला घाई आहे, सूर्य कलतो आहे, पण बाहुक खाली उतरून फळे मोजल्याशिवाय पुढे जायला तयार होत नाही. मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे आणि गणनेचे रहस्य, देतो आणि त्या क्षणी इतकी वर्षे त्याच्या देहात दडून बसलेला कली विष ओकीत बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याचा आश्रय घेतो. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे कथाकाराची योजना ध्यानात येते. कली जातो तो मंत्राने किंवा पश्चात्तापाने जात नाही, संख्येच्या ज्ञानाने जातो. आज ज्याला संभाव्यतेचा हिशेब म्हणतात आणि जो प्रत्येक ट्रेडिंगच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात, त्याची याहून मोठी प्रशस्ती मला ठाऊक नाही.

कथा मात्र तेथे संपत नाही, आणि माझ्या मते वर्गांतून जे शिकवले जात नाही ते यापुढचेच आहे. विद्या हस्तगत झालेला नल निषधात परत येतो, ज्याने त्याला नागवले त्या भावाला, पुष्कराला, पुन्हा पटावर बोलावतो, एकाच डावात सर्व राज्य जिंकतो, आणि जिंकल्यावर त्याला ठार करीत नाही वा देशोधडीलाही लावीत नाही. जे काही घडले ते कलीच्या प्रभावाने घडले असे म्हणून तो भावाला त्याचा वाटा देतो आणि सन्मानाने त्याच्या नगराला पाठवतो. पहिले समत्व त्याने बेहड्याखाली मिळवले. दुसऱ्याची परीक्षा पटावर, समोर हरलेला माणूस बसलेला असताना झाली.

मुंबईने हा पट १८६५ साली पाहिला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्याकडच्या कापसाला असा भाव आला की शहरात पैशाचा पूर लोटला. त्या पैशाला वाट हवी म्हणून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या. पाच हजार रुपये भरलेला बॅक बे कंपनीचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला, आणि बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० पर्यंत चढला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणे देऊ शकेल असा मनुष्य शोधावा लागला. बँकेचा २,८५० चा शेअर पुढे ८७ रुपयांना आला. दिनशा वाच्छा यांनी १९१० साली लिहिलेल्या पुस्तकात या काळाचा वृत्तान्त आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांसारख्या विद्वान आणि परोपकारी पुरुषाची मिळकतही त्या आवर्तात सापडली. ज्यांच्या शब्दावर हा सारा खेळ चालला त्या प्रेमचंद रायचंदांविषयी लिहिणारे बहुधा त्यांच्या अचाट धाडसाविषयी लिहितात. मला अधिक लक्षणीय वाटते ते हे की वैभवाच्या शिखरावर असताना, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख देऊन ठेवले होते. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला तेव्हा दात्याची ती श्रीमंती उरलेली नव्हती.

त्या १ जुलैच्या आधी, भाव शिखरावर असताना, ज्यांनी शांतपणे आपले भाग विकून टाकले असे काही लोक असलेच पाहिजेत. प्रत्येक शिखरावर विकणारा असतो म्हणूनच घेणारा असतो. शिस्तीच्या दृष्टीने त्यांचे वर्तन निर्दोष होते. त्यांनी ते भाग कोणाला विकले, हा प्रश्न शिस्तीच्या पुस्तकात कोठे बसत नाही. तो विचारायला दुसरे पुस्तक लागते.

यावर बाजाराचे एक उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. कापूस पिकवणारा किंवा गिरणीवाला यांना भावाच्या चढउताराची भीती असते. ती भीती विकत घेणारा कोणीतरी असल्याशिवाय पेरणी आणि उत्पादन दोन्ही अडून बसतील. सटोडिया स्वतःच्या पैशाने ही जोखीम पत्करतो, म्हणजे लोकसंग्रहच करतो. १८७५ साली मुंबईत कापूस व्यापाऱ्यांची आणि शेअर दलालांची अशा दोन्ही संघटना उभ्या राहिल्या, त्यांत या युक्तिवादाचा काही अंश होता असे मानायला हरकत नाही. ज्या सौद्यात समोरच्याला खरोखरीच एक ओझे उतरवायचे आहे आणि आपण ते मोल घेऊन उचलतो, तेथे नफा घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. पण हा युक्तिवाद कापसासाठी केला आणि सही मात्र भलत्याच दस्तऐवजावर घेतली, असे आज झाले आहे. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. समोरच्या बाजूला ज्या मोठ्या पेढ्यांना आणि परदेशी गुंतवणूकदारांना नफा झाला, त्यांचा बहुतेक सगळा नफा संगणकाच्या आज्ञावलींनी केलेल्या सौद्यांतून आलेला होता.

हा शेवटचा तपशील मला फार बोलका वाटतो. लाभाने न फुगणारी, हानीने न खचणारी, ठरलेल्या भावाला क्षणाचाही विलंब न लावता माल काढणारी, काल काय झाले याची हळहळ नसलेली अशी आज्ञावली ही दुसऱ्या अध्यायाच्या त्या अर्ध्या वाचनाप्रमाणे पूर्ण स्थितप्रज्ञ ठरते. तिच्याइतका निर्विकार साधक कोणत्याही वर्गातून आजवर बाहेर पडलेला नाही आणि पडणारही नाही. ज्या समत्वाची परमावधी विजेवर चालणाऱ्या पेटीत गाठता येते, त्याला अध्यात्म म्हणायला मी तयार नाही. कौशल्य म्हणून त्याचा मी आदर करतो, आणि ज्याला या धंद्यात राहायचे आहे त्याने ते अवश्य संपादन करावे. गीतेने मात्र ते एका योद्ध्याला सांगितले, ज्याला समोरच्या प्रत्येकाचे नाव ठाऊक होते आणि त्या ओळखीनेच ज्याचे धनुष्य गळून पडले होते. अर्जुनाला दुसरा पदर आधीच होता, म्हणून त्याला पहिला सांगण्याची वेळ आली. आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे.

१९९५ पर्यंत मुंबईच्या शेअरबाजारात दलाल रिंगणात उभे राहून हातवारे करीत, ओरडून सौदे करीत. तेजीवाल्याला मंदीवाल्याचा चेहरा दिसत असे, आणि उद्या त्याच रिंगणात पुन्हा भेटायचे आहे याचा काही एक धाक असे. तो काळ प्रामाणिकपणाचा होता असा माझा दावा नाही. आता संगणक दोन मागण्या जुळवतो आणि कोणाचा माल कोणाकडे गेला हे दोघांनाही कळत नाही. पुष्करच अदृश्य झाला आहे. तरीही समोर कोण असण्याचा संभव अधिक आहे, हे ज्याला संख्येची विद्या येते त्याला अजमावता येते. तांब्याच्या किंवा कापसाच्या वायद्यात तो एखादा कारखानदार किंवा साठा करणारा व्यापारी असू शकतो. आठवड्याच्या मुदतीला दहा-वीस रुपयांवरून शून्यावर येणाऱ्या निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये तो बहुधा त्या ९३ टक्क्यांपैकी कोणी असतो. सेबीने २०२४ च्या नोव्हेंबरपासून अशा साप्ताहिक मुदती प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकापुरत्या मर्यादित केल्या आणि सौद्याचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले, म्हणजे जो यम साधकाने आतून पाळायचा तो नियामकाने परिपत्रकाने बाहेरून लावून पाहिला. त्याचा व्हायचा तो परिणाम होईल. कोणत्या पटावर बसायचे ही निवड मात्र परिपत्रकाच्या आधीची आहे, आणि सटोडियाच्या सगळ्या दिवसात आत्मौपम्याला जागा अशी तेवढीच आहे: सकाळी सव्वानऊच्या आत, पहिला सौदा टाकण्यापूर्वी.